सिम टाकलं, पण नेटवर्क येईना: सेकंडहँड फोनचं नेटवर्क लॉक ओळखायचं कसं, काढायचं कसं

सेकंडहँड फोन घरी आणला. काचेवर ओरखडा नाही, कॅमेरा चालतो, वायफाय लागतं, बॅटरीही बरी टिकते. मग आपलं सिम घातलं आणि पडद्यावर आलं, 'सिम नॉट सपोर्टेड'. ही वेळ माझ्यावर एकदा येऊन गेली आहे. विकणाऱ्याने माझ्यासमोर त्याच फोनवरून कॉल लावून दाखवला होता. आवाज स्वच्छ, रेंज भरपूर, मी खूश. पण फोनमध्ये सिम त्याचं होतं, माझं नव्हतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हापासून ओळखीत कुणी जुना फोन घेणार असेल तर मला सोबत नेतात, आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघितलंस का?

नेटवर्क लॉक, म्हणजे फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला असणं, ही तशी किचकट गोष्ट नाही. लोक गोंधळतात ते 'लॉक' या एका शब्दामुळे. फोनला चार-पाच प्रकारची कुलपं असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे असते. कुलूप कोणतं हे न बघता 'अनलॉक करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे दिले तर बहुतेक वेळा ते बुडतात.

आधी कुलूप ओळखा

फोन उघडताना चार किंवा सहा आकडी पिन मागत असेल तर ते पडद्याचं कुलूप. मालकाला विचारा, संपलं.

फोन रिसेट केल्यावर आधीच्या मालकाचं गूगल खातं किंवा अॅपल आयडी मागत असेल तर ते खात्याचं कुलूप. आयफोनमध्ये याला अॅक्टिव्हेशन लॉक म्हणतात, ते २०१३ साली आयओएस ७ पासून आलं. अँड्रॉइडमध्ये तसंच कुलूप ५.१ या आवृत्तीपासून आहे. हे सहसा आधीच्या मालकाने स्वतःच्या खात्यातून फोन काढला तरच जातं. नेटवर्क कंपनीचा याच्याशी काहीही संबंध नाही, त्यामुळे तिथे फोन करून वेळ घालवू नका.

'सिम पिन' किंवा 'पीयूके' मागितला जात असेल तर कुलूप फोनला नाही, सिमकार्डाला आहे. तीन वेळा चुकीचा पिन टाकला की आठ आकडी पीयूके मागतं, आणि तोही दहा वेळा चुकला की ते सिम कायमचं गेलं. हा पीयूके सिम देणाऱ्या कंपनीकडून मिळतो. इथे अंदाजाने आकडे टाकत बसू नका.

आणि तुमचं सिम टाकल्यावर 'सिम नॉट सपोर्टेड', 'सिम नॉट व्हॅलिड', 'सिम नेटवर्क अनलॉक पिन' किंवा 'एंटर नेटवर्क अनलॉक कोड' असं काही येत असेल, तर हे आपलं कुलूप: नेटवर्क लॉक. अशा फोनवर वायफाय चालतं, फोटो निघतात, आणीबाणीचा कॉलही लागतो. साधा कॉल आणि मोबाइल डेटा मात्र बंद.

अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंग्जमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' नावाचं एक बटण असतं. ते पाहून 'सापडलं!' म्हणत उड्या मारणारे मी बघितले आहेत. ते बूटलोडरचं कुलूप आहे, फोनमध्ये दुसरी सिस्टीम टाकण्यासाठीचं. ते चालू केल्याने नेटवर्क लॉक जात नाही.

फोन तुमचं सिम ओळखतो कसं

हा भाग समजून घेतला तर पुढच्या अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

प्रत्येक सिममध्ये एक क्रमांक लिहिलेला असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. तो तुमचा मोबाइल नंबर नव्हे. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे: ब्रिटनचा २३४, कॅनडाचा ३०२, अमेरिकेचे ३१० पासून पुढे. त्यानंतरचे दोन किंवा तीन आकडे नेटवर्क कंपनीचे. लॉक असलेल्या फोनमध्ये परवानगी असलेल्या आकड्यांची छोटीशी यादी ठेवलेली असते. सिम घातलं की फोन हे सुरुवातीचे आकडे वाचतो आणि यादीशी ताडून बघतो. जुळले तर आत, नाही तर दारातूनच परत.

म्हणजे लॉक असलेला फोन 'कोणत्या देशात आहे' हे बघत नाही, 'सिम कुणाचं आहे' एवढंच बघतो. परदेशी कंपनीला बांधलेला फोन त्या कंपनीच्या रोमिंग सिमवर जगात कुठेही मजेत चालतो. मला कॉल लावून दाखवणाऱ्याची गंमत हीच होती.

यात आणखी एक पेच आहे. काही छोट्या कंपन्यांचं स्वतःचं नेटवर्क नसतं, त्या मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवर सेवा विकतात. त्यांच्या सिमचे सुरुवातीचे आकडे पुष्कळदा मोठ्या कंपनीचेच असतात. त्यामुळे मोठ्या कंपनीला बांधलेल्या फोनमध्ये छोट्या कंपनीचं सिम चालून जातं, आणि आपल्याला वाटतं फोन मोकळा आहे. उलटही होतं: लॉक छोट्या कंपनीचं असेल तर सिममधला आणखी एक कोड तपासला जातो, आणि मोठ्या कंपनीचं सिमही नाकारलं जातं. मोबाइलच्या आंतरराष्ट्रीय मानकात अशा कुलपांच्या पाच पातळ्या आहेत: नेटवर्क, नेटवर्कचा उपगट, सेवा देणारी कंपनी, एखादी संस्था, आणि अगदी एकच विशिष्ट सिम. आपल्याला रोज भेटतात त्या पहिली आणि तिसरी.

कंपन्या हे करतात कशासाठी? फोन स्वस्तात किंवा हप्त्यांवर दिलेला असतो, आणि गिऱ्हाईक पैसे फिटेपर्यंत पळून जाऊ नये हा हेतू असतो. हप्ते फिटल्यावर कुलूप काढायला त्यांची सहसा हरकत नसते. पण कुणी मागितल्याशिवाय ते आपणहून काढलं जाईलच असं नाही. म्हणून सगळे पैसे फिटलेला, कायदेशीर, तरीही लॉक असलेला फोन जुन्या बाजारात भरपूर सापडतो.

पैसे देण्याआधी करायच्या गोष्टी

सोबत तीन वस्तू न्या: दोन वेगवेगळ्या नेटवर्कची चालू सिमं, आणि सिमचा ट्रे उघडायची पिन. पिन विसरलात तर कागदाची बारीक क्लिप सरळ करून चालते.

पहिलं काम आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघणं. डायल पॅडवर *#०६# दाबा, पंधरा आकडी क्रमांक पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनमध्ये दोन क्रमांक येतील. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली दिसणारा क्रमांक, खोक्यावरचा, बिलावरचा, आणि काही मॉडेलांत सिमच्या ट्रेवर कोरलेला, हे सगळे एकच असायला हवेत. ट्रेवरचा वेगळा निघाला तर निदान ट्रे बदललेला आहे. पण *#०६# वरचा आणि सेटिंग्जमधला वेगळा निघाला तर फोन तिथेच ठेवा आणि निघा.

आयएमईआय खरा आहे की मनाने लिहिलेला, याची एक चाचणी कागद-पेन्सिलने करता येते. मला ती आवडते म्हणून सांगतो, तुम्हाला कंटाळा आला तर पुढे जा. शेवटचा आकडा हा आधीच्या चौदा आकड्यांवरून काढलेला पडताळा असतो. उदाहरणासाठी ४९०१५४२०३२३७५१८ हा नमुना घेऊ. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे, चौदाव्यापर्यंत. ९ चे १८, म्हणजे १ + ८ = ९. १ चे २. ४ चे ८. ० चे ०. २ चे ४. ७ चे १४, म्हणजे १ + ४ = ५. १ चे २. बेरीज ३०. उरलेले आकडे तसेच मिळवायचे: ४, ०, ५, २, ३, ३, ५, बेरीज २२. एकूण ५२. पुढचा पूर्ण दशक ६०, फरक ८, आणि शेवटचा आकडा ८ च आहे. जुळलं. न जुळणारा क्रमांक म्हणजे लिहिताना झालेली चूक किंवा बनावट. जुळला म्हणजे फोन चोरीचा नाही असं मात्र मुळीच नाही. मी हे फक्त फोनवरून व्यवहार चालला असेल तेव्हा वापरतो, कारण लोक आकडे सांगताना हमखास एखादा उलटसुलट करतात.

दुसरं काम, खरी परीक्षा. विकणाऱ्याचं सिम काढायला लावा. आपलं पहिलं सिम घाला, फोन बंद करून पुन्हा चालू करा, आणि कुणाला तरी कॉल लावा. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एखादं पान उघडा. आता दुसऱ्या नेटवर्कचं सिम घालून तेच सगळं पुन्हा. दोन्ही सिमं एकाच मोठ्या नेटवर्कवर चालणाऱ्या कंपन्यांची नकोत, कारण वर सांगितलं. नुसते रेंजचे दांडे दिसले म्हणून खूश होऊ नका, कॉल लागलाच पाहिजे.

आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन खाली 'कॅरियर लॉक' ही ओळ शोधा. कॅरियर म्हणजे आपली नेटवर्क कंपनी. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तर फोन मोकळा. दुसरं काहीही लिहिलेलं असेल तर लॉक आहे, विकणारा काय वाट्टेल ते सांगो. ही ओळ आयओएस १४ पासून दिसते. अँड्रॉइडमध्ये अशी सगळीकडे चालणारी एक जागा नाही, त्यामुळे तिथे दोन सिमांची परीक्षा हाच भरवशाचा मार्ग.

आता ट्रे. याकडे कुणी बघत नाही, आणि फसवणूक बरोब्बर इथेच असते.

ट्रे पूर्ण बाहेर काढा, सिम उचला आणि त्याच्या पाठीला नखाने चाचपून बघा. काही फोनमध्ये सिमखाली एक कागदासारखी पातळ पट्टी निघते. सिमच्याच आकाराची, दोन्ही बाजूंना सोनेरी ठिपके, मध्ये काळसर बारीक चिप. ही पट्टी फोन आणि सिम यांच्यामध्ये बसून फोनला खोटं सांगते, की आलेलं सिम तुझ्याच कंपनीचं आहे. बाजारात हिला आर-सिम, टर्बो सिम, चिप अनलॉक अशी नावं आहेत. फोन तेवढ्यापुरता चालतो. मग एखादं अपडेट येतं, किंवा फोन रिसेट होतो, आणि पुन्हा 'सिम नॉट सपोर्टेड'. ट्रे नेहमीपेक्षा घट्ट बसत असेल, सिम ट्रेच्या पातळीपेक्षा किंचित वर उचललेलं दिसत असेल, किंवा फोन चालू होताना कंपनी निवडायची एखादी अनोळखी यादी उगवत असेल, तर पट्टी आहे असं धरून चला. असा फोन घेऊच नये असं मी म्हणणार नाही. पण तो लॉक असलेला फोन आहे, आणि किंमतही लॉक असलेल्या फोनचीच द्यावी.

ट्रेच नसलेले फोनही आता भेटतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलांना सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर. नेटवर्क लॉक ई-सिमलाही तसंच लागू होतं. तुमची कंपनी ई-सिम देते का हे आधी विचारून ठेवा, कारण अशा फोनवर जागच्या जागी परीक्षा घ्यायची तर ई-सिमच लागेल.

शेवटचं काम काळ्या यादीचं. चोरीला गेलेले, हरवलेले आणि बऱ्याच ठिकाणी हप्ते बुडवलेले फोन नेटवर्क कंपन्या आयएमईआयवरून काळ्या यादीत टाकतात. जीएसएमए ही मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना अशी सामायिक यादी ठेवते, आणि पुष्कळ देशांत सरकारी किंवा कंपन्यांच्या संकेतस्थळावर आयएमईआय टाकून ती मोफत तपासता येते. काळी यादी आणि नेटवर्क लॉक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॉक काढलं तरी काळ्या यादीतला फोन त्या यादीला मानणाऱ्या नेटवर्कवर चालणार नाही, आणि अशा फोनचं लॉक काढायला कंपनीही सहसा नकार देते. त्यात आज यादीत नसलेला फोन उद्या यादीत जाऊ शकतो, जर आधीच्या मालकाचे हप्ते बाकी असतील. म्हणून 'हप्ते फिटलेत' हे तोंडी नको. बिल, किंवा कंपनीने हिशेब मिटल्याचा पाठवलेला मेसेज, डोळ्यांनी बघा.

फोन घेऊन झालाय, आणि लॉक निघालं

सर्वात आधी विकणाऱ्याशी बोला. भांडू नका, त्याच्याकडून एक काम करून घ्यायचं आहे. फोन मुळात ज्याच्या नावावर होता त्याने कंपनीकडे अनलॉकची मागणी केली तर ती सर्वात लवकर मान्य होते. विकणारा स्वतःच पहिला मालक असेल तर त्यालाच अर्ज करायला सांगा. तो दहा मिनिटांचं काम करायला तयार नसेल तर का तयार नाही, याचा विचार करा.

ते जमत नसेल तर लॉक कोणत्या कंपनीचं आहे हे शोधायचं. फोन चालू होताना दिसणारं चिन्ह, आधीच टाकलेली कंपनीची अॅप, फोनच्या पाठीवरचा ठप्पा, खोक्यावरचं लेबल, बिल, यातून बहुतेक वेळा कळतं. कंपनी मिळाली की तिच्या संकेतस्थळावर 'डिव्हाइस अनलॉक' असं शोधा. कंपनीच्याच संकेतस्थळावर, गूगलमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीत नव्हे. काही कंपन्या त्यांचे ग्राहक नसलेल्यांचाही अर्ज घेतात, फक्त आयएमईआय आणि ई-मेल मागतात. काही कंपन्या मूळ खातेदारच हवा म्हणतात.

अटी सगळीकडे साधारण सारख्या: फोनचे पैसे फिटलेले हवेत, फोन काळ्या यादीत नको, आणि ठराविक दिवस तो त्यांच्या नेटवर्कवर चालू राहिलेला हवा. शेवटची अट सेकंडहँड घेणाऱ्याला नडते. फोन प्रीपेड असेल आणि चार दिवस वापरून विकला असेल, तर मुदत भरलेलीच नसते. अशा वेळी त्या कंपनीचं सिम घेऊन मुदत भरावी लागते, दुसरा उपाय नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे का, हे फोन कुठल्या देशात विकला गेला यावर ठरतं. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच विकावे लागतात आणि आधीचे लॉक असलेले फोन मागणी केल्यावर फुकट उघडून द्यावे लागतात. जपानमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून लॉक लावून फोन विकणं तत्त्वतः बंद आहे. ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर २०२१ पासून लॉक असलेले फोन विकायला बंदी आहे. अमेरिकेत सरसकट बंदी नाही, पण २०१४ च्या कायद्याने ग्राहकाला आपला फोन उघडून घ्यायची मुभा परत मिळाली. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी स्वीकारलेल्या आचारसंहितेप्रमाणे अर्ज आल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत त्यांनी फोन उघडायचा, प्रक्रिया सुरू करायची, किंवा नकाराचं कारण सांगायचं असतं. अर्ज करताना याचा एका ओळीत उल्लेख करा, उत्तर जरा लवकर येतं असा माझा अनुभव आहे.

अर्जात मजकूर थोडका ठेवा. आयएमईआय (दोन असतील तर पहिला), मॉडेल, फोन सेकंडहँड घेतला आहे हे खरं खरं, आणि बिलाचा फोटो. 'मी तुमचाच जुना ग्राहक आहे' वगैरे बाता मारू नका. त्यांच्या वहीत सगळं असतं.

मंजुरी आली. आता?

अँड्रॉइडमध्ये दोन तऱ्हा आहेत. जुनी तऱ्हा कोडची. कंपनी ई-मेलने आकडी कोड पाठवते. फोन बंद करा, दुसऱ्या कंपनीचं सिम घाला, चालू करा. कोड मागणारी चौकट आपोआप येते. आकडे सावकाश टाका, दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, आणि 'अनलॉक' दाबायच्या आधी एकदा पुन्हा ताडून बघा. एवढं बजावायचं कारण असं, की प्रयत्न मोजलेले असतात. ठराविक वेळा चुकलं की फोन 'फ्रीझ' होतो, मग बरोबर कोडही घेत नाही. काही सॅमसंग मॉडेलांना त्यावर वेगळा 'अनफ्रीझ' कोड असतो, तो आधी आणि नेटवर्कचा कोड नंतर टाकायचा. कंपनीने दोन कोड पाठवले असतील तर ते याचसाठी. इतर फोनांत ही वाट असेलच असं नाही. म्हणून कोड मिळाल्याशिवाय त्या चौकटीत 'बघू या' म्हणून काहीही टाकू नका. आपल्या सिमचा पिन तर नकोच, ही चूक फार जण करतात.

नवी तऱ्हा अॅपची. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'डिव्हाइस अनलॉक' नावाचं अॅप आधीच असतं. मंजुरी आल्यावर इंटरनेट चालू ठेवून ते उघडायचं आणि 'पर्मनंट अनलॉक' निवडायचं. शेजारी 'टेम्पररी' पर्यायही दिसतो. तो प्रवासापुरता, थोड्या दिवसांचा असतो, आपल्या कामाचा नाही.

आयफोनमध्ये कोड टाकायची भानगडच नाही. कुलपाची नोंद अॅपलच्या सर्व्हरवर असते. कंपनी ती नोंद बदलायला सांगते आणि फोन पुढच्या वेळी सर्व्हरशी बोलला की मोकळा होतो. त्यामुळे एखादा तुमच्या आयफोनसाठी 'कोड विकतो' म्हणाला तर तिथूनच उठा. अॅपल स्वतःही आपणहून लॉक काढत नाही, ते काम कंपनीचंच. मंजुरीनंतर फोन बंद करून नवं सिम घाला आणि वायफायला जोडून चालू करा. हाताशी दुसरं सिम नसेल तर बॅकअप घ्या, फोन पूर्ण पुसा, आणि बॅकअप परत भरा. मंजुरी येऊनही एखाद-दोन दिवस 'कॅरियर लॉक'ची ओळ बदलत नाही, घाबरू नका. त्यानंतरही बदलली नाही तर पुन्हा कंपनीलाच लिहा.

सॅमसंगबाबत आणखी एक लहानसा पेच. काही सॅमसंग फोन कोणत्याही कंपनीला बांधलेले नसतात, तरी खोक्यावर विभागाचं लेबल असतं, आणि पहिल्यांदा त्या विभागातल्या सिमवरून एकूण पाच मिनिटं बोलल्यावरच ते बाकी जगासाठी मोकळे होतात. परदेशातून सीलबंद आणलेल्या फोनला हे भोवतं. आधी वापरलेल्या फोनचं ते बोलणं बहुधा केव्हाच झालेलं असतं.

कंपनी नाही म्हणाली तर

कारण लेखी मागा. हप्ते बाकी असतील तर आधीच्या मालकाला गाठा किंवा फोन परत करा. मुदत भरली नसेल तर थांबा. चोरीची नोंद असेल तर तो फोन तुमच्याकडे ठेवणंच धोक्याचं आहे. बिल आणि विकणाऱ्याशी झालेलं बोलणं घेऊन पोलिसांकडे जाणं बरं.

बाहेरून लॉक काढून देणाऱ्यांबद्दल माझं मत सरळ आहे. या धंद्यात काही खरी माणसं आहेत, त्यांच्याकडे काही मॉडेलांचे कोड मिळतात आणि चालतात. जुन्या बटणाच्या फोनांना तर कोड आयएमईआयवरून गणित करूनच काढता यायचा. २००७ साली पहिला आयफोन बाजारात आला, तेव्हा एकाच अमेरिकन कंपनीला बांधलेला होता. दोनच महिन्यांत जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने तो उघडून, सोल्डरिंग करून मोकळा केला होता. आता ते दिवस राहिले नाहीत. 'फ्री कोड जनरेटर' म्हणणारी संकेतस्थळं सर्व्हे भरून घेतात आणि शेवटी काहीच देत नाहीत. पैसे आगाऊ मागणारा, तुमचा अॅपल आयडीचा पासवर्ड मागणारा, किंवा 'आयएमईआय बदलून देतो' म्हणणारा, तिघेही टाळा. तिसरा तर तुम्हाला गुन्ह्यात ओढतो: ब्रिटनमध्ये आयएमईआय बदलण्याविरुद्ध २००२ पासून स्वतंत्र कायदा आहे, इतरही अनेक देशांत तो गुन्हा आहे.

लॉक गेलं, तरी रेंज नाही

हा प्रकार ऐकून माणूस डोकं धरतो, पण कारण साधं असतं. लॉक काढणं म्हणजे दार उघडणं. आत जायचा रस्ता फोनच्या रेडिओला माहीत असायला हवा. प्रत्येक देशात, प्रत्येक कंपनी ठराविक बँड, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, वापरते. अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये बँड १३ आणि ६६ असतील, पण तुमच्या कंपनीचा मुख्य बँड नसेल, तर रेंज तुटक येते किंवा येतच नाही. मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर बँडची यादी काढा आणि आपल्या कंपनीच्या यादीशी लावा. हे खरं तर फोन घेण्याआधीच करायचं.

डेटा चालतो पण कॉल लागत नाही, असं असेल तर बहुधा व्होल्टीची, म्हणजे फोरजीवरून कॉल करायच्या सोयीची, अडचण. ज्या नेटवर्कने जुनं टूजी आणि थ्रीजी बंद केलं आहे, तिथे कॉलही फोरजीवरूनच जातो, आणि काही कंपन्या ती सोय ठराविक मॉडेलांनाच देतात. सेटिंग्जमध्ये व्होल्टीचं बटण आहे का बघा. नसेल तर सिस्टीम अपडेट करून पुन्हा बघा, तरीही नसेल तर त्या सिमवर त्या फोनचं जमणार नाही.

आणि उलटं, कॉल लागतो पण डेटा चालत नाही, तर बहुधा एपीएन, म्हणजे फोन ज्या पत्त्यावरून इंटरनेटला जोडला जातो तो, चुकीचा. फोनला जुन्या कंपनीचा पत्ता पाठ असतो. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट नेम्स' उघडा, आपल्या कंपनीने दिलेलं नाव जसंच्या तसं टाका, जतन करा, ते निवडा, आणि फोन एकदा बंद-चालू करा. माझ्या मेहुण्याचा फोन लॉक काढल्यावर दोन दिवस 'बिघडलेला' होता, तो एवढ्यानेच चालू झाला.

सगळं नीट चाललं की फोन एकदा फॅक्टरी रिसेट करून तीच दोन सिमांची परीक्षा पुन्हा घ्या. खरं काढलेलं लॉक रिसेटनंतर परत येत नाही, पट्टीवाली जोडणी मात्र इथे उघडी पडते. कंपनीचा मंजुरीचा ई-मेल छापून बिलासोबत खोक्यात ठेवा, कारण हा फोन तुम्ही पुढे विकाल तेव्हा घेणारा खिशातून स्वतःचं सिम काढेल.